ओळखीचा प्लॉट

“सर, तुमच्या ओळखीत कोणी लेआउटवाला आहे का?”

अकोल्याहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन होता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. सात वर्षांत साडेचार लाख रुपये जमवलेत, त्यातले काही भिशीचे, काही अम्मीच्या बांगड्यांचे. आता त्याला प्लॉटिंगमध्ये उतरायचं आहे. पैसा आहे, हिंमत आहे, फक्त ओळखी नाहीत, असं त्याचं म्हणणं.

मी विचारलं, “प्लॉट पाहिला का?” म्हणाला, “मोबाईलवर नकाशा पाहिला. माणूस आपल्यातलाच आहे, सर. जुम्म्याला भेटतो.”

हे “आपल्यातलाच आहे” मी गेली तीस वर्षं ऐकतो आहे. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण अमरावती आणि अकोल्याच्या आपल्या मोहल्ल्यांत जमिनीचा धंदा ज्या एका शब्दावर उभा आहे, तो हा शब्द आहे. आणि माझं मत असं बनलंय की आपल्याकडच्या जमिनीच्या व्यवहारात ओळख नसल्यामुळे जितके लोक बुडाले, त्याहून जास्त ओळख असल्यामुळे बुडाले.

आधी हा बाजार चालतो कसा ते सांगतो. असर आणि मगरिबच्या मधे कुठल्याही चहाच्या हॉटेलात बसा. दोन-तीन दलाल, एखादा गल्फहून परतलेला तरुण, एखादा निवृत्त मास्तर. बोलणं तेच. बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, आता त्या बाजूला भाव पाहा. नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वर्ध्यातून केलं, आता तिकडे घ्या. समृद्धी महामार्ग, धामणगाव, नांदगाव खंडेश्वर. अमरावती-अकोला रस्त्याने तर जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव लावलं. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण विमान उतरलं म्हणून तुमच्या प्लॉटला रस्ता मिळत नाही, आणि दलाल या दोन वाक्यांच्या मधली जागा विकत असतो.

लेआउटवाला बहुतेक वेळा वावर विकत घेतच नाही. तो शेतकऱ्याला इसार देतो, सौदाचिठ्ठी करतो, वर्ष-दीड वर्षाची मुदत घेतो. मग चुन्याच्या रेघा मारतो, गोटे गाडतो, कमान उभी करतो, कमानीवर एखादं छान अरबी नाव देतो आणि हप्त्यांवर प्लॉट विकायला लागतो. ग्राहकांचे हप्ते येतील तसे शेतकऱ्याला पैसे जातात. म्हणजे या धंद्यात भांडवल कोणाचं? ज्याच्या हातात नोटरी केलेला स्टॅम्प पेपर आहे त्या ग्राहकाचं. लेआउटवाल्याने पैसे पोचवले नाहीत, किंवा भाव वाढलेला पाहून शेतकऱ्याने सौदा मोडला, की स्टॅम्प पेपरवाला कोर्टाच्या पायरीवर. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की विक्रीचा करार म्हणजे विक्री नव्हे, त्याने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं. आपल्याकडे अजूनही ‘मुखत्यारपत्र आहे ना, मग झालं’ असंच म्हणतात.

आणि स्वस्त का मिळतो हेही समजून घ्या. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. रीतसर लेआउट पाडायचा तर आतले रस्ते सहसा किमान नऊ मीटरचे, त्याशिवाय दहा टक्के मोकळी जागा. माझ्या हिशोबाने एकरातून विकायला पंचवीस हजार फुटांच्या आसपास उरतात. बेकायदा लेआउटवाला बारा फुटांची गल्ली सोडतो, मोकळी जागा सोडतच नाही आणि पस्तीस हजार फूट विकतो. हजार-हजार फुटांचे दहा प्लॉट जास्तीचे. ते दहा प्लॉट म्हणजे तुमच्या मुलाचं खेळायचं मैदान, तुमची नाली आणि जनाजा घेऊन वळता येईल एवढा रस्ता. शंभर-दोनशे रुपये फुटामागे वाचले म्हणून आपण खूश होतो, ते वाचलेले पैसे तिथून आलेले असतात.

मग पुढचं वाक्य ठरलेलं: “गुंठेवारीत होऊन जाईल.” गुंठेवारीचा कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटांसाठी होता, २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. तुकडेबंदीचा कायदा तर १९४७ पासून आहे, त्यालाही सरकारने वेळोवेळी सूट दिली. यावरून लोकांनी काढलेला धडा असा की आज चुकीचं घ्या, उद्या सरकार बरोबर करून देईल. कधी कधी देतंही. पण सरकार कागद नियमित करू शकतं, बारा फुटांची गल्ली तीस फुटांची करू शकत नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा सल्ला द्यायचा मला हक्क नाही.

१९९६ मध्ये मी अमरावतीत नवा नवा मास्तर होतो. अब्बांचे एक दोस्त होते, त्यांच्या दोस्तांचं शहराला लागून वावर होतं. दोघे भाऊ, पाचवक्ता नमाजी, बोलायला गोड. त्यांनी चौदा प्लॉट पाडले. दीड हजार फूट, पस्तीस रुपये फूट. मी वीस हजार इसार दिला, उरलेले दोन वर्षांत फेडले. सातबारा पाहावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी अब्बांना म्हटलंही. अब्बा म्हणाले, “उनके दस्तरखान पे खाना खाया है. कागद मांगेगा?” मी गप्प बसलो. त्या काळी सातबारा पटवाऱ्याच्या हातचा असायचा, त्याच्याकडे चार चकरा मारायला लागायच्या, हेही एक कारण होतं. पण खरं कारण लाज.

पुढे खरेदीखत झालं, दोन्ही भावांच्या सह्या झाल्या. मी कंपाउंड बांधलं. २००१ मध्ये कोर्टाची नोटीस आली. त्या भावांना दोन बहिणी होत्या. एक अचलपूरला, विधवा, शिवणकाम करून तीन मुलं वाढवणारी. दुसरी मूर्तिजापूरला. बाप वारला तेव्हा फेरफारात फक्त भावांची नावं चढली. आपल्या वारसा कायद्याप्रमाणे दोन भाऊ आणि दोन बहिणी असतील तर सहा वाटे पडतात, भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. म्हणजे वावराचा तिसरा हिस्सा बहिणींचा होता आणि ते सगळं वावर दोन सह्यांवर विकलं गेलं होतं. आम्ही चौदाजणांनी घेतलं होतं.

आम्ही काय केलं? आम्ही त्या बाईला शिव्या दिल्या. इतकी वर्षं कुठे होती, कोणीतरी भडकवलंय, पैशाची लालूच आहे, जे जे बोलतात ते सगळं. मग चौघेजण तिला समजवायला अचलपूरला गेलो. खोलीत शिलाई मशीन, बसायला एक सतरंजी. तिने चहा केला. आम्ही म्हटलं, “आपा, आम्ही गरीब लोक आहोत, आम्ही तर भावांना ओळखून घेतलं.” ती शांतपणे म्हणाली, “भाइयों को पहचानते थे. मुझे किसने पूछा?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आम्ही त्या भावांच्या घरी जेवलो होतो, त्यांच्या मुलांच्या लग्नांना गेलो होतो. त्यांना बहिणी आहेत हे आम्हाला माहीत होतं! फक्त त्या जमिनीच्या मालक असू शकतात हे चौदापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्यांना वारशाच्या आयती तोंडपाठ होत्या, तेही आमच्यात होते.

भावांनी हात वर केले. शेवटी आम्ही प्लॉटवाल्यांनीच वर्गणी काढली, त्या वेळच्या भावाने दोघींच्या हिश्श्याचे पैसे दिले आणि त्यांनी रजिस्ट्री ऑफिसात दस्त करून दिला. २००४ साल उजाडलं होतं. मला प्लॉट जवळजवळ दीडपट भावात पडला. तक्रार नाही, पैसे तिचेच होते. आमच्यातल्या दोघांना मात्र ते जमलं नाही. त्यांनी आपले प्लॉट आमच्यातल्याच दोघांना पडत्या भावात देऊन टाकले. त्यातला एक रिक्षा चालवायचा. आजही भाड्याच्या घरात आहे.

तेव्हापासून ‘ओळखी वाढवा’ हा सल्ला ऐकला की माझ्या मनात येतं, कोणाच्या ओळखी? हॉटेलातल्या त्या टेबलावर, मशिदीच्या पायऱ्यांवर, वलीम्याच्या मांडवात जो जमिनीचा बाजार भरतो, तिथे फक्त पुरुष असतात आणि तेही विकणारे, विकवणारे आणि विकत घेणारे. ज्याचं नुकसान होणार तो त्या टेबलावर नसतो. बहीण नसते. पोटहिस्सेदार नसतो. शेजारचा धुरा ज्याचा, तो शेतकरी नसतो. तुम्ही शंभर लोकांना ओळखत असाल, पण ते शंभर जण एकाच बाजूचे असतील तर त्याला ओळख म्हणायचं की टोळी?

कागद मागणं म्हणजे अविश्वास, हे आपल्यात कुठून आलं ते मला कळत नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोज्याबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत ठरलेली असेल तर लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान आहे म्हणून लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हप्त्यांवरचा प्लॉट हे दुसरं काय असतं? ज्या माणसाला हे वाचून कागद मागितल्याचा राग येतो, त्याचा राग आपल्यावर नसतो.

आता त्या मुलाला मी कोणाच्या ओळखी करून घ्यायला सांगितल्या ते लिहितो. पहिली ओळख पटवाऱ्याची. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे, पण वऱ्हाडात तो पटवारीच राहणार. सातबारा हल्ली महाभूलेखवर घरबसल्या दिसतो, पण पटवाऱ्याला फेरफार दाखवायला सांगा. बाप कधी वारला, वारस किती लागले, मुलींची नावं आहेत का, हे तिथे कळतं. ‘इतर अधिकार’चा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, कूळ, सगळं त्याच रकान्यात असतं आणि तोच रकाना कोणी वाचत नाही. भोगवटादार वर्ग दोन लिहिलं असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय व्यवहार नाही. शहरात असेल तर आखीव पत्रिका. आपल्या दोन्ही शहरांत नझूलची जमीन आहे, म्हणजे मालक सरकार आणि राहणारा पट्टेदार. विकणारा ती “बापजाद्यांची” म्हणून सांगतो. खोटं नसतं ते, बाप आणि आजा राहिलेलेच असतात. आणि जागा कब्रस्तानाला, दर्ग्याला किंवा मशिदीच्या इनामाला लागून असेल तर वक्फ मंडळाच्या नोंदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. वक्फची जमीन विकता येत नाही. मुतवल्ली ओळखीचा असला म्हणून विकता येते असं नाही.

दुसरी ओळख अर्जनवीस आणि वकिलाची. तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. ही सूचना मला १९९६ मध्ये कोणी सुचवली असती तर अचलपूरला ती गेली असती. तिसरी ओळख महापालिकेच्या नगररचना विभागातली: मंजूर नकाशा, अकृषक आदेश, आणि विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवरून रस्ता किंवा शाळेचं आरक्षण जातंय का. अकोल्याची हद्द २०१६ मध्ये वाढली. तेव्हा ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर घेतलेले प्लॉटवाले पुढे कोणकोणत्या टेबलांवर फिरले ते त्यांनाच विचारा. आणि मोजणी. गोटे हलतात हो, रात्रीतून हलतात.

महारेराबद्दल आपल्याकडे समज असा की ते मुंबई-पुण्याच्या टॉवरांसाठी आहे. तसं नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवरच्या लेआउटला नोंदणी लागते. पाचशे मीटर म्हणजे सुमारे ५,४०० फूट, हजार फुटांचे पाच-सहा प्लॉट. म्हणजे कमान उभारलेला जवळजवळ प्रत्येक नवा लेआउट यात येतो. नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, आणि नोंदणीकृत करार करण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. अशा प्रकल्पातले प्लॉट विकणाऱ्या दलालालाही नोंदणी लागते, आता तर परीक्षा द्यावी लागते. त्या मुलाला दलालीत उतरायचं असेल तर मी म्हणेन आधी ही परीक्षा दे. आपल्या मोहल्ल्यात नंबर असलेला, कागद वाचता येणारा एक तरी दलाल असावा.

रोखीने घेतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर घेणाऱ्यावर आयकराचा तेवढाच दंड बसू शकतो, पण ते त्याचं. तुमचं नुकसान हे की रोखीने दिलेला पैसा कोर्टात दिसत नाही.

सूदाचा मुद्दा येतो. आपल्यातले बरेच जण बँकेचं कर्ज घेत नाहीत, आणि मी त्यावर वाद घालत नाही. पण त्याचा एक परिणाम लक्षात घ्या. बँक कर्ज देताना तिचा वकील कागद तपासतो, अस्वच्छ जमिनीवर ती पैसे देत नाही. आपण कर्जापासून लांब राहतो तेव्हा त्या तपासणीपासूनही लांब राहतो, म्हणून नेमका बँकेने नाकारलेला माल हप्त्यांवर आपल्या मोहल्ल्यात येतो. कर्ज घेऊ नका, पण बँकेत जाऊन विचारा तर, या प्लॉटवर कर्ज द्याल का? ‘नाही’ म्हणाले तर ‘का’ ते विचारा. फुकटचा सल्ला आहे.

एक गोष्ट अवघड आहे, पण टाळत नाही. आपल्याला सगळीकडे घर मिळत नाही. “प्लॉट आहे ना, या की. नाव काय म्हणालात?” इथे संभाषण संपतं. हे मी स्वतः अनुभवलंय, तुमच्यातल्या अनेकांनी अनुभवलं असेल. त्यामुळे सगळी मागणी ठरावीक मोहल्ल्यांत कोंबली जाते आणि नालीही नसलेल्या गल्लीत फुटाचा भाव चांगल्या कॉलनीइतका होतो. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये जे झालं, त्यानंतर मी मिश्र वस्तीतली घरं घाईने विकली जाताना पाहिली. दोन्ही बाजूंची. आणि दोन्ही बाजूंना ती घाई ओळखून भाव पाडणारे लोक होते, आपल्याकडचेही. चहाच्या टेबलावर त्याला ‘मौका’ म्हणतात. भेदभावाची तक्रार आपण जगाकडे करतो ती रास्त आहे. पण कोंडलेल्या माणसाला बारा फुटांच्या गल्लीतला प्लॉट दुप्पट भावाने विकणारा बहुतेक वेळा आपला असतो, त्याच्याबद्दल बोलायला आपली जीभ अडते, कारण तो मदरशाला चंदा देतो.

म्हणून मला वाटतं की या धंद्यात नव्या मुलांनी उतरावं. जरूर उतरावं. पण साडेचार लाखांतून एकट्याने अर्धा गुंठा घेण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून, चौघांचीही नावं खरेदीखतात घालून, मंजूर लेआउटमधला एक प्लॉट घ्यावा. कमी वाढेल, पण रात्री झोप लागेल. आणि पहिले सहा महिने काहीच घेऊ नये. फक्त कागद वाचावेत.

माझं हे सगळं त्याने ऐकून घेतलं. थोडा हिरमुसला, असं वाटलं. दहा-बारा दिवस फोन नाही. मग परवा रात्री मेसेज आला. त्याने लेआउटवाल्याला फेरफार मागितला होता. लेआउटवाला आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, “तू तर वकील निघालास.” मुलाने ऑनलाईन सातबारा काढला, पटवाऱ्याकडे दोन चकरा मारल्या. मूळ मालकाचे वारस पाच, सातबाऱ्यावर नावं तीन.

“सर, एक बहीण बाळापूरला असते म्हणे. रविवारी जाऊन विचारू का? काय विचारायचं पण?”

मी लिहिलं, जा. अम्मीला सोबत घेऊन जा.